शह मोठ्यानं द्यायचा

‘चेक’ या शब्दाच्या नोंदीवर मी फार दिवस अडकले होते. त्याला कारण माझे डोळे होते, पण ते मला उशिरा कळलं. तोवर मी सगळा दोष शब्दालाच देत होते.

कॉलेजातून निवृत्त झाल्यावर मी एक कोश करायला घेतला. मराठीत रुळलेल्या इंग्रजी शब्दांचा. नुसता अर्थ सांगणारा नव्हे, तो सगळ्यांनाच येतो. शब्द मुळात कुठून निघाला, वाटेत कुणाकुणाच्या घरी राहिला आणि आपल्याकडे आल्यावर त्याचं काय झालं, ते सांगणारा. प्रकाशकाला वाटलं होतं, बाई वर्षा-दोन वर्षांत हातावेगळा करतील. मलाही तसंच वाटलं होतं. हल्ली तो फोनवर “काही घाई नाही, सावकाश होऊ द्या” म्हणतो, आणि ते ऐकून माझा जीव खालीवर होतो. हे काम सगळं डोळ्यांचं. बारीक टाइपातले जुने कोश, त्याहून बारीक तळटिपा. हात थरथरू लागले तर टाइप करायला माणूस मिळतो. कान गेले तर उलट बरंच, कारण आमच्या रस्त्यावर द्रोणागिरीच्या गोदामांकडे जाणाऱ्या ट्रेलरच्या हॉर्नशिवाय ऐकण्यासारखं काही उरलेलं नाही. पण डोळे गेले तर कोश तिथेच संपला, आणि कोशाखेरीज माझ्याजवळ दुसरं काही नाही. लग्न केलं नाही, माणसं फार जोडली नाहीत, देवधर्म जमला नाही. मी अजून ‘च’वरच होते. पुढे बहुतेक सगळी वर्णमाला पडली होती.

‘चेक’ तसा निरुपद्रवी दिसतो. खाली भाजीवाला म्हणतो, “मॅडम, चेक करून घ्या, एकपण किडका नाय.” वॉचमन पाहुण्यांच्या गाड्या चेक करतो, म्हणजे गाडीभोवती एक चक्कर मारतो. पाण्याची टाकी, गॅसची नळी, मुलांचे पेपर, मोबाइलवरचे निरोप, सगळं आपण चेक करतो. शिंपी चेक्सचा शर्ट शिवायला कुरकुरतो, कारण खिशाच्या चौकडी शर्टाच्या चौकडींशी जुळवाव्या लागतात. बँकेत चेक वटतो किंवा वटत नाही. लॉजमध्ये चेक-इन होतं. महामार्गावर कुठे कुठे चेकनाका असतो, आणि नाका उठून गेला तरी बसच्या थांब्याला तेच नाव राहतं. पुढे ‘चेकिंग चालू आहे’ एवढं कुणी सांगितलं की स्कूटरवरची माणसं मुकाट्यानं गल्लीत वळतात. कुणाचं आणि कसलं चेकिंग, हे विचारावं लागत नाही. आणि पन्नाशीनंतर चेकअप आलंच. ते आपण दुसऱ्यांना करायला सांगतो.

एका शब्दानं इतकी कामं का करावीत, याचं उत्तर शोधत मी मागे मागे गेले. इंग्रजीतून जुन्या फ्रेंचमध्ये, तिथून लॅटिनात, तिथून अरबीत, आणि शेवटी फारसीत. तिथे हा शब्द ‘शाह’ आहे. राजा. बुद्धिबळात राजावर हल्ला झाला की समोरचा ओरडायचा, “शाह!” म्हणजे, राजा बघा तुमचा. म्हणजे या शब्दाचा जन्म कागदावरचा नव्हेच. तो तोंडाचा शब्द. ती आरोळी होती, आणि आरोळी मारणारा शत्रूच होता.

एकदा हे कळलं की बाकीचे अर्थ सरळ सुटत जातात. शाह म्हटल्यावर समोरच्याला हातातलं सगळं सोडून राजाकडे बघावं लागतं, म्हणून चेक म्हणजे अडवणं. अडवण्यातून ताब्यात ठेवणं आलं, ताब्यात ठेवण्यातून पडताळणं. पैशांच्या चिठ्ठीचा खरेपणा पडताळायला जो जोडतुकडा ठेवत, त्याचं नाव चिठ्ठीलाच पडलं आणि तो बँकेचा चेक झाला. पट चौकडींचा, म्हणून चौकडीचं कापडही चेक्स. इंग्लंडात राजाच्या खजिन्याचा हिशेब चौकडीचं कापड अंथरून त्यावर करत, म्हणून तिथल्या खजिन्याच्या खात्यालाही त्याच घराण्यातलं नाव मिळालं. या सगळ्या काळात आपल्याकडे ‘शह’ होताच, थेट फारसीतून आलेला. वर्तमानपत्रवाल्यांचं तर त्याच्यावाचून पान हलत नाही. रोज कुणीतरी कुणाला शह देतो आणि कुणीतरी काटशह. तेव्हा एकच शब्द आपल्या घरात दोन दारांनी आला, एकदा घोड्यावरून आणि एकदा बोटीतून, आणि आत आल्यावर दोघांनी एकमेकांना ओळख दिली नाही.

इथवर सगळं छान जमलं होतं. पण उदाहरणं तपासायला बसले की ओळ हरवायची. एक ओळ वाचून पुढच्या ओळीच्या सुरुवातीला जायचं, तर ती सुरुवात सापडायची नाही. मी म्हणायचे, काय हा टाइप, काय हे छापणारे. मग पुस्तक मिटून समोरच्या दारी जायचे, बुद्धिबळ खेळायला.

समोर आपा राहते. आमच्या मजल्यावर दोनच बायका एकट्या राहणाऱ्या, एक मी आणि एक ती. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. माहेर उरणकडचं, बाप जहाजावर खलाशी. नवऱ्यानं उमेदीची सगळी वर्षं आखातात घालवली, परत आला आणि थोड्याच वर्षांत गेला. आता दोन मुलं तिकडेच आहेत. मी पुण्याची, आणि पुण्याची माणसं शेजाऱ्याकडे पाच मिनिटांवर बसत नाहीत, पण इथे राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिच्याकडे काहीतरी मागायला गेले आणि तिच्या दिवाणावर पट मांडलेला बघितला. ती एकटीच दोन्ही बाजूंनी खेळत होती. “येता का?” तिनं विचारलं. तेव्हापासून दुपारी तिची जोहरची नमाज आणि माझी वामकुक्षी झाली की आम्ही बसतो. उन्हं कलून असरची अजान झाली की डाव जिथल्या तिथे थांबतो.

पट तिच्या बापाचा. कापडाचा, चौकडी शिवून केलेला. बोट हलली तरी सोंगट्या घसरू नयेत म्हणून. नियमही त्याचेच. आपल्याकडे स्पर्धेत खेळणारे हल्ली शह तोंडानं सांगत नाहीत, खेळी करून घड्याळ दाबतात. आपाला हे ऐकूनच राग आला होता.

“शह द्यायचा तर बोलून द्यायचा, ताई. मोठ्यानं. आणि पटाकडं बघून नाय, समोरच्याच्या तोंडाकडं बघून. अब्बांचा कायदा हाय हा. न बोलता मारला तर बादशाह हारला नाय, खून झाला त्याचा.”

वजिरालाही तसंच सांगायचं. वजिरावर हल्ला केला तर “वजीर संभाळा” म्हणायचं. मला हे सगळं जरा बाळबोध वाटलं, पण पट तिचा होता. शिवाय ती मला आठवड्यातून पाच वेळा हरवत होती, तेव्हा नियमांवर बोलायला मला तोंड नव्हतं.

मग मी जिंकू लागले.

आधी एखादा डाव, मग एकाआड एक. आपा पटाच्या मधल्या भागात नि माझ्या उजव्या हाताकडे खेळू लागली, आणि तिथे मी तिला चांगलीच भिडायचे. माझा उंट तिच्या डाव्या हाताच्या कोपऱ्यात जाऊन तिचा हत्ती अलगद उचलायचा. ती “अरे वा” म्हणायची. मी एवढी खूश होते की पुण्याला बहिणीला फोन करून सांगितलं, या वयात माझा खेळ सुधारला. बहीण म्हणाली, बरं आहे, काहीतरी सुधारलं. आमच्या घरात कौतुक एवढंच मिळतं.

त्याच सुमाराला बाकीच्या गोष्टींनी मात्र माझ्याशी दावा मांडला होता. सोफ्याचा कोपरा मांडीला लागायचा, नेहमी डाव्याच. रोडपालीच्या तलावाकडे फिरायला गेले असता फूटपाथची पायरी माझ्या पायाखालून निघून गेली, आणि मी त्यावर महापालिकेला मनातल्या मनात एक पत्र लिहिलं. आपाकडे चहाचा कप तर मी किती वेळा लवंडला. कप मला दिसायचाच नाही, मग दिसायचा तो आडवा पडलेला. “हा इथे कुणी ठेवला?” मी विचारायचे. “मीच,” आपा म्हणायची आणि पुसून घ्यायची. पुढे कप उजव्या हाताला येऊ लागला. दिवाणाजवळचं तिचं स्टूल कोपऱ्यात गेलं. दारातलं जाडं पायपुसणं गायब झालं. मला वाटलं, बाई आवराआवर करतेय.

नंतर तिनं एक नवीनच सुरू केलं. राजा नि वजीर सोडून बाकीच्यांचंही सांगायला लागली. “ताई, तिकडं घोडा हाय माझा.” “ताई, प्यादं आलं बघा हं.” एक-दोनदा मी ऐकून घेतलं. तिसऱ्यांदा मी भडकले.

“आपा, मी काय बालवाडीत आहे का? मला दिसतंय सगळं.”

त्या दिवशीचा डाव मी जिंकले, आणि तिनं अजानच्या आधीच पट गुंडाळला.

दुसऱ्या दिवशी आम्ही नेहमीसारख्या बसलो. डाव बराच पुढे गेला होता. आपानं एक खेळी केली आणि हात मांडीवर ठेवून गप्प बसली. मी विचार केला आणि उजवीकडे माझं प्यादं सरकवलं. तिनं हात पुढे केला, माझा राजा पटावरून उचलला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

“तुमचा बादशाह गेला, ताई.”

मला काही कळेना. “कुठून?”

तिनं बोट दाखवलं. पटाच्या डाव्या कडेला, माझ्या राजाच्या ओळीत, तिचा काळा हत्ती उभा होता. मध्ये काही नव्हतं. आडोसाही नव्हता. शाळेतल्या मुलालाही दिसला असता.

“तुम्ही शह बोलला नाहीत,” मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. “ही चीटिंग आहे. तुमच्याच अब्बांचा नियम आहे ना?”

“हो. नाय बोलले. रोज बोलत होते म्हणूनच तुमाला कळत नवतं.” ती शांतपणे म्हणाली. “डाव्या हाताकडचं तुमाला दिसत नाय, ताई. किती महिने झाले. म्हणून मी तिकडं खेळायचं सोडलं. कप हलवला, स्टूल हलवलं. मला वाटलं, इज्जतीनं घ्यावं. काल तुमी बोलला, मला दिसतंय सगळं, आणि रातभर झोप नाय मला. अब्बा हेच बोलायचे.”

मग तिनं बापाची गोष्ट सांगितली. तो जहाज सोडून घरी आला तेव्हा धडधाकट होता. थोड्या वर्षांनी दाराच्या चौकटीला खांदा घासू लागला. रागीट माणूस. त्याला, तुम्हाला दिसत नाही, असं म्हणायची घरात कुणाची छाती नव्हती, आणि ती अदबही नव्हती. म्हणून सगळ्यांनी मिळून घर सारखं केलं. वाटेतला पाट उचलला, ताट उजवीकडे वाढलं, उंबऱ्याशी कुणीतरी सहज उभं राहून हात दिला. पटावर आपा त्याच्या दिसत्या बाजूनंच खेळायची. घरात तो कशालाच अडखळत नव्हता, म्हणून त्याला वाटत राहिलं की त्याला दिसतंय. एका ईदला तो सवयीप्रमाणे एकटा बाहेर पडला आणि दाराबाहेरच्या ओट्यावरून पडला. मुंबईला नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. आता काही होणार नाही. आधी का नाही आणलंत?

“आमी सगळे बघत होतो, ताई,” आपा म्हणाली. “बादशाहाला शह बोलायचा हे त्यांनी शिकवलं, आणि त्यांना कोण नाय बोललं.”

मी राजा पटावर ठेवला आणि घरी आले. मला तिची दया आली नाही, स्वतःचीही नाही. संताप आला. महिनोन् महिने ती मला जिंकू देत होती, हे मला डोळ्यांपेक्षा जास्त लागलं. घरी येऊन मी गच्चीत उभी राहिले. आमच्या गच्चीतून आभाळ स्वच्छ असलं की कर्नाळ्याचा सुळका दिसतो. मला तो दिसला, अंगठ्यासारखा, टोकासकट. इतक्या लांबचं दिसतं ते डोळे खराब कसे? दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पाहिला. तिसऱ्या दिवशीही. पण तिसऱ्या दिवशी सुळक्यावरची नजर न हलवता मी डावा हात खाली कठड्यावर ठेवला आणि तो दिसतो का ते बघितलं. कठडा दिसत होता. हात नव्हता. मी बोटं हलवली. कठडा तसाच, निवांत. तेव्हा मी घाबरले.

डोळ्यांच्या दवाखान्यात एक यंत्र असतं. पांढऱ्या मोठ्या वाटीत तोंड घालून बसल्यासारखं बसायचं. हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा, मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं. आजूबाजूला बारीक दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. मी मन लावून दाबलं. मध्ये मध्ये यंत्र बराच वेळ काहीच दाखवत नव्हतं. संपल्यावर मी तिथल्या बाईंना म्हणाले, “तुमच्या मशीनचे काही दिवे गेलेले आहेत. तपासून घ्या.”

त्या बाई सभ्य होत्या. म्हणाल्या, “डॉक्टर सांगतील.”

डॉक्टरांनी कागद दाखवला. दोन्ही डोळ्यांच्या चित्रात डावीकडे खाली काळं साचलं होतं. काचबिंदूच. डोळ्यातला दाब वाढतो, नस आतून सुकत जाते आणि दुखत काहीच नाही. मी विचारलं, मला काळं का दिसत नाही मग? ते म्हणाले, मेंदू रिकामी जागा आसपासच्या रंगानं भरून टाकतो. कठडा दिसतो, हात नाही. लांबचं आणि मधलं शेवटपर्यंत चांगलं दिसतं, म्हणून माणसं येत नाहीत.

“गेलेलं परत येणार नाही. उरलेलं टिकवू. रोज थेंब घालायचे, जन्मभर, एकदाही न चुकता.”

“मला वाचायचं काम आहे,” मी म्हणाले. “पुष्कळ वर्षांचं.”

“वाचायचा भाग शाबूत आहे. वेळेवर आलात. आणखी वर्षभर थांबला असतात तर असं म्हणालो नसतो.”

खुर्चीत बसल्या बसल्या मला रडू आलं. मी फारशी रडत नाही. त्यांनी मान खाली घालून विचारलं, घरात कुणाला आहे का हा आजार? आई, वडील, भावंडं? मी म्हणाले, नाही, कुणालाच नाही. मग काहीतरी बोलायचं म्हणून सांगितलं की ज्या शेजारणीनं मला पाठवलं तिच्या वडिलांचे डोळे यानंच गेले.

डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं. “आणि त्यांनी स्वतः तपासून घेतलंय?”

हा प्रश्न मला सुचला नव्हता. तिला तर मुळीच नाही.

“हे घराण्यात उतरतं,” ते म्हणाले. “तुमच्याआधी त्यांनी यायला हवं होतं.”

संध्याकाळी मी आपाला थेंबांची बाटली दाखवली आणि ती “अल्लाचा शुकर” म्हणून माझ्या गालाला हात लावू लागली, तेव्हाच मी तिला डॉक्टरांचं सांगितलं. ती हसली. “मला काय झालंय? तुमचे डोळे मीच पकडले ना? मला सगळं दिसतं.”

“हे वाक्य मी म्हटलंय, आपा. तुमचे अब्बाही म्हणायचे.”

“बघू. रमजान होऊ दे.” रमजान झाला. मग मुलगा सुट्टीवर आला, मग गुडघा दुखला. मी रोज दुपारी जाऊन विषय काढत होते आणि ती रोज सोंगट्या मांडत होती. आता ती माझ्या डावीकडूनही खेळायची आणि मी मान वळवून वळवून बघायचे. मी पुन्हा डाव हरायला लागले होते, पण सगळे नाही. शेवटी एका दुपारी ती मांडामांड करत असताना मी तिचा बादशाह उचलून मुठीत ठेवला.

“हे काय?” ती म्हणाली.

“तुमच्या अब्बांना कुणी बोललं नाही. मी तुम्हाला बोलले. एकदा नाही, शंभरदा. आता मी खेळणार नाही.”

तिनं पटावरच्या बादशाहाच्या रिकाम्या घराकडे बघितलं. मग कापड गुंडाळलं, डोक्यावरून ओढणी घेतली आणि म्हणाली, “चला. रिक्षा बोलवा.”

तिची तपासणी चालू असताना मी पडद्याबाहेरच्या बाकावर बसले होते. तिकडे अंधार करतात, पण बटणाचा आवाज बाहेर येतो. बारीक, टिकटिक असा. उजव्या डोळ्याला तो बऱ्यापैकी येत राहिला. मला हायसं वाटलं. मी पिशवीतून ‘चेक’ची नोंद काढली होती. पहिला अर्थ ‘पडताळणे’ असा दिला होता, तो खाली ढकलला आणि पहिल्या जागी लिहिलं : ‘राजाला सावध करण्यासाठी प्रतिपक्षानं मारलेली हाक.’ मला ते वाक्य आवडलं. पेनाला टोपण लावत होते तेव्हा लक्षात आलं की आवाज थांबलाय.

मला वाटलं, तपासणी संपली. पण आतून त्या बाईंचा आवाज आला, “आजी, मधल्या ठिपक्याकडेच बघा हं, चालू आहे.” म्हणजे यंत्र चालू होतं. दिवे लागत होते. एक टिक आली. मग पुन्हा काही नाही. डावा डोळा.

मला तिचा हत्ती आठवला. तिच्या डाव्या हाताच्या कोपऱ्यातला, जो माझा उंट अलगद उचलायचा. “अरे वा,” ती म्हणायची. ते डाव तिनं मला जिंकू दिले, असं मी धरून चालले होते. तीही तसंच धरून चालली असावी. पण तो हत्ती तिनं दिलेला नव्हता. तो तिनं पाहिलाच नव्हता.

पडदा सरकवून आपा बाहेर आली. डोळे चोळत, ओढणी सारखी करत. माझ्या शेजारी बसली आणि हळूच, त्या बाईंना ऐकू जाऊ नये म्हणून माझ्याकडे झुकून म्हणाली,

“ताई, मशीन खराब हाय यांचं. मधे किती वेळ दिवाच लावला नाय.”

डॉक्टर सांगणारच होते. अजून नंबर यायचा होता, चार माणसं पुढे होती. मला गप्प बसता आलं असतं, काहीतरी वेगळं बोलता आलं असतं. मी कागद पिशवीत ठेवला, तिच्याकडे वळले, तिच्या तोंडाकडे बघितलं आणि बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले,

“आपा, मशीन ठीक आहे.”